अर्धवट तज्ज्ञाची किंमत

गुन्हेगारीशास्त्राची पदवी मिळाली म्हणून महाराष्ट्रात कोणी फौजदार होत नाही, सरकारी वकील होत नाही, न्यायाधीशही होत नाही. गोष्ट साधी आहे, पण प्रवेशाच्या दिवसांत ती सांगणारं कोणी भेटत नाही. नागपूरच्या इतवारी परिसरात, सराफा ओळ, किराणा ओळ, मस्कासाथ, जागनाथ बुधवारी या भागांत ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या दुकान सांभाळलं, तिथल्या मुलांना आता गल्ल्यावर बसायचं नाही, आणि त्यात वावगं काही नाही. त्यांच्यातली काही ‘फॉरेन्सिक’ किंवा ‘क्रिमिनॉलॉजी’ करायचं म्हणतात. ‘सीआयडी’ ही मालिका 1998 मध्ये सुरू झाली; प्रयोगशाळेत एक थेंब तपासला की खुनी सापडतो, हे चित्र तेव्हापासून घराघरांत रुजलं आहे. वडील विचारतात, पुढं नोकरी कोणती? मग माहितीपत्रक पुढं येतं. त्यात पोलीस, सीबीआय, गुप्तचर विभाग, कारागृह, प्रयोगशाळा अशी सगळी नावं असतात. ही खाती खरी आहेत आणि तिथं भरतीही होते. ती भरती कोणत्या पात्रतेवर होते, एवढंच त्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

पोलीस उपनिरीक्षक व्हायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते, आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. इतिहास घेतलेला मुलगा आणि गुन्हेगारीशास्त्र घेतलेली मुलगी तिथं एकाच रांगेत उभे असतात. पुढं शारीरिक चाचणीही दोघांना सारखीच. आयपीएसचंही तेच. सहायक सरकारी अभियोक्ता व्हायला कायद्याची पदवी लागते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी व्हायचं तर कायद्याची पदवी आणि त्यावर किमान तीन वर्षांची वकिली. सर्वोच्च न्यायालयानं ही अट मे 2025 मध्ये पुन्हा लागू केली. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच पदांना रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे मूळ विज्ञान विषय मोलाचे ठरतात. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कामात समाजकार्याच्या पदवीला वजन असतं. म्हणजे या व्यवस्थेत शिरायच्या वाटा पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांवर गुन्हेगारीशास्त्राची पदवी ना लागते ना आड येते.

दुसरी अडचण खोल आहे. वकिलीच्या शिक्षणावर बार कौन्सिलची नजर असते. डॉक्टरांना वैद्यकीय आयोग आहे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. गुन्हेगारीशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेला मात्र असा कोणी व्यावसायिक पहारेकरी नाही. विद्यापीठाची मान्यता असली की वर्ग भरवता येतो. शिकवणारानं आयुष्यात कधी साक्षीच्या पिंजऱ्यात पाय ठेवला आहे का, मुद्देमालाचं सील कसं करतात हे पाहिलं आहे का, हे कोणी तपासत नाही. सराफा ओळीतला माणूस हॉलमार्क पाहिल्याशिवाय दागिना हातात घेत नाही. तोच माणूस मुलाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पैसे मात्र काहीही न पारखता भरतो.

एवढं लिहूनही सांगतो, की हा विषय विद्यापीठात असलाच पाहिजे असं माझं मत आहे. भारतात त्याचा पहिला विभाग सागर विद्यापीठात 1959 मध्ये निघाला, आणि त्या विद्यापीठाचे संस्थापक डॉ. हरिसिंह गौर यांचं नागपूरशी जवळचं नातं होतं. त्यांनी इथं वकिली केली, नागपूर विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं आणि भारतीय दंड संहितेवर असं भाष्य लिहिलं की वकिलांच्या कपाटात ते पिढ्यान् पिढ्या राहिलं. आपल्या कमाईतून त्यांनी 1946 मध्ये विद्यापीठ उभं केलं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही हा विषय अनेक दशकं शिकवला जातो, आणि तिथल्या ‘प्रयास’ या प्रकल्पानं 1990 पासून कोठडीतल्या आणि कारागृहातल्या माणसांबरोबर काम केलं आहे. या परंपरेत गुन्ह्याचा अभ्यास म्हणजे कायदा, समाज, मन आणि पुरावा यांचा एकत्र अभ्यास असतो. मला भीती वाटते ती या चारांतला शेवटचा एकटा उचलून, त्याला यंत्रांचा मुलामा देऊन विकण्याची.

आणि ती भीती आत्ताच का, याला कारण आहे. 1 जुलै 2024 पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं आहे. हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. सात वर्षांच्या वरचे गुन्हे थोडेथोडके नसतात. इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? त्यासाठी केंद्र सरकारनं जून 2024 मध्ये 2254.43 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर नागपूरला, कामठीजवळ चिंचोलीत होतो आहे. 26 मे 2025 रोजी त्याची पायाभरणी झाली. सिव्हिल लाइन्समध्ये शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेच. कारागृहाच्या रस्त्यावर, रहाटे कॉलनीजवळ प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण जिथं सरकारी मागणी दिसते तिथं खाजगी अभ्यासक्रम पावसाळ्यातल्या गवतासारखे उगवतात. त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाला नोकरी लागली नाही तर नुकसान त्याचं आणि त्याच्या घराचं. मात्र अर्धवट शिकून त्याला नोकरी लागली, तर नुकसान तिसऱ्याच कोणाचं तरी होतं, आणि ते भरून निघत नाही.

ते कसं, हे इतवारीतच पाहता येतं. घरफोडी होते, दागिने जातात. चोर सापडतो आणि पोलिसांना सांगतो की माल अमुक दुकानात दिला. पोलीस त्याला घेऊन दुकानात येतात. दागिना एव्हाना वितळलेला असतो. हाती येते ती लगड. शेजारच्या दुकानातून दोन माणसं पंच म्हणून बोलावली जातात, पंचनामा होतो, सह्या होतात, पाकिटाला सील लागतं. सराफाला चोरीचा माल घेतल्याचा आरोप झेलावा लागू शकतो. पूर्वी त्याचं दंड संहितेतलं कलम 411 होतं, आता न्याय संहितेचं 317. काही वर्षांनी खटला उभा राहतो. लगड कोणत्या दागिन्याची हे कसं सिद्ध करणार? वजन आणि शुद्धता जुळली म्हणजे तेच सोनं झालं का? पाकिटावरचं सील कोणाचं होतं, ते मालखान्यात कधी गेलं, प्रयोगशाळेत कोणी नेलं, तिथं ते उघडताना सील शाबूत होतं का? पंच म्हणतो, मला आठवत नाही, मी नुसती सही केली. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतो. इथं प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही भारी असलं तरी निकाल ठरतो त्या पाकिटाच्या प्रवासावर. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे, पण कॅमेरा कुठं धरायचा, कधी सुरू करायचा, मध्ये बंद पडला तर नोंद काय करायची, हे माणसालाच शिकवावं लागतं.

दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीची गोष्टही अशीच. तीन नल चौकात किंवा शहीद चौकात एखादी घटना घडली की पोलीस दुकानदाराकडून चित्रण पेन ड्राइव्हवर घेऊन जातात. ते पुरावा म्हणून टिकायचं तर प्रमाणपत्र लागतं. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं पक्का केला तो महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला आणि 14 जुलै 2020 रोजी न्यायालयानं सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य नोंदवायचं असतं. गुन्हेगारीशास्त्र शिकलेल्या पदवीधराला हा नमुना स्वतःच्या हातानं भरता येतो का? माझ्या मते अभ्यासक्रमाची खरी परीक्षा असल्या प्रश्नांत आहे, जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडणाऱ्या लोम्ब्रोसोचं पुस्तक 1876 मध्ये आलं हे पाठ असण्यात नाही.

पुराव्याच्या ताब्याची साखळी तुटली की काय होतं, हे दिल्लीच्या छावला प्रकरणात साऱ्या देशानं पाहिलं. 2012 मधल्या त्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली होती. 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिघांनाही निर्दोष सोडलं. आरोपींचे नमुने 14 आणि 16 फेब्रुवारीला घेतले, आणि 27 तारखेपर्यंत ते पोलिसांच्या मालखान्यातच होते. मधल्या काळात त्यांना कोणी हात लावला नाही याची खात्री न्यायालयाला पटली नाही. डीएनएच्या तंत्राला न्यायालयानं नावं ठेवली नव्हती. ते नमुने ज्या हातांतून गेले त्या हातांची नोंद ढिली निघाली. एका मुलीच्या आईवडिलांनी दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. ते तिघे खरे गुन्हेगार होते, की त्यांचीच दहा वर्षं विनाकारण गेली, हे आता पुराव्यानिशी कधीच कळणार नाही.

आपल्याकडची जखम याहून जवळची आहे. इतवारीतून भंडारा रोड धरला की ज्या जिल्ह्यात आपण पोचतो, त्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं गेलं. सुरुवातीच्या तपासातल्या आणि शवविच्छेदनातल्या हलगर्जीबद्दल पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा आरोप मात्र टिकला नाही. पहिल्या काही तासांत जे पाहायचं, टिपायचं आणि जपायचं राहून जातं, ते पुढं कोणतीही मोठी यंत्रणा आणून मिळवता येत नाही. ते पाहायला डोळे लागतात, आणि जात नावाची गोष्ट गुन्ह्यात कशी काम करते हे कळायला समाजशास्त्र लागतं. प्रयोगशाळेच्या पुस्तकात ते सापडणार नाही.

विज्ञानाच्या नावाचा दरारा किती घातक ठरू शकतो, याचं एक उदाहरण पुण्याचं आहे. 2008 मध्ये तिथल्या सत्र न्यायालयानं एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. इतर पुराव्यांबरोबर मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या एका चाचणीलाही तिथं महत्त्व मिळालं होतं, आणि त्यावर परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही टीका केली. तिला पुढं उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. मे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी प्रकरणात निकाल दिला की नार्को, पॉलीग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या कोणावरही सक्तीनं करता येणार नाहीत. माणसाला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. हा निकाल वाचलेला विद्यार्थी पडद्यावर आलेख दाखवणाऱ्या यंत्रापुढं दबत नाही. न वाचलेला त्या आलेखालाच सत्य समजतो. आणि तो अहवालावर सही करणारा झाला, की त्याच्या समजुतीची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.

या विषयाच्या भूतकाळाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तो आपल्या अंगणात घडला आहे. जन्मजात गुन्हेगार असतो, ही कल्पना युरोपात पुस्तकात मांडली जाण्याच्याही आधी, 1871 मध्ये, इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा आणून ती इथं अमलात आणली होती. पारधी, कैकाडी आणि अशा कित्येक जमातींची मुलं जन्मतःच नोंदवहीत गेली. हजेरी, वसाहत, गाव सोडायला परवानगी, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. संशय गेला नाही, तो सराईत गुन्हेगारांच्या कायद्यात जाऊन बसला. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही मराठीतली दोन आत्मकथनं माझ्या मते गुन्हेगारीशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच सक्तीची असावीत. पोलिसाची काठी ज्याच्या पाठीवर पडली त्यानं ती लिहिली आहेत. ही गोष्ट जुनीही झालेली नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवरची कामवाटणी रद्द केली आणि विमुक्त जमातींना सराईत ठरवणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवलं.

आता याच नागपुरात, आयआयएमच्या साथीनं, राज्य पोलिसांची ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी मार्च 2024 मध्ये उभी राहिली. तपासात तिचा उपयोग होईल, आर्थिक आणि सायबर गुन्ह्यांत तर खूपच होईल. पण पोलिसांच्या जुन्या नोंदींवर कोणतंही यंत्र शिकवलं, तर ते कोणाला पकडलं गेलं हे शिकतं. गुन्हा कोणी केला हे त्याला कळत नाही. एखाद्या वस्तीत पोलीस जास्त फिरले की नोंदी जास्त होतात, आणि नोंदी जास्त म्हणून यंत्र पुन्हा त्याच वस्तीकडं बोट दाखवतं. 1871 ची नोंदवही ज्यानं अभ्यासली आहे त्यालाच हा धोका दिसेल. गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीधराची या नव्या व्यवस्थेत खरी गरज आहे ती इथं, आणि नेमका हाच भाग अभ्यासक्रमात एका व्याख्यानात उरकला जातो.

तुरुंगाकडं तर कोणी बघतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या कारागृहांत 5,73,220 माणसं होती, त्यांतली 4,34,302 न्यायचौकशीतले बंदी. म्हणजे दर चारांतल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता. जामीन मंजूर होऊनही पैसे नाहीत म्हणून आत राहिलेला, घरचा पत्ता हरवलेला, वकील कोण हेच ठाऊक नसलेला माणूस तिथं असतो. त्याच्यासाठी काम करणारे प्रशिक्षित लोक फार थोडे आहेत. 1958 चा परिवीक्षा कायदा आहे, पहिल्या चुकीला तुरुंगाबाहेर ठेवून सुधारायची सोय त्यात आहे, पण न्यायाधीशाला विश्वासानं वाचता येईल असा अहवाल लिहिणारा माणूस नसेल तर कायदा कपाटातच राहतो. महाराष्ट्राला या कामाची स्वतःची परंपरा आहे. औंध संस्थानात 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत सुरू झाली. कैदी कुंपणाशिवाय शेती करत, कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची पटकथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, ती या प्रयोगावर बेतलेली. विदर्भात मोर्शीला खुलं कारागृह आजही आहे. फॉरेन्सिकच्या झगमगाटात वाढणाऱ्या मुलांपैकी किती जणांना त्याचं नाव माहीत असेल?

म्हणून मुलगा किंवा मुलगी या वाटेला जायचं म्हणत असेल तर अडवू नका, पण पाया बदला. आधी कायदा, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, संगणक किंवा समाजकार्य यांपैकी एका विषयाची भक्कम पदवी. गुन्हेगारीशास्त्र त्याच्यावर, पदव्युत्तर पातळीला. प्रवेशाआधी संस्थेला लेखी विचारा की मागच्या तुकडीतली मुलं आज कुठं आहेत, आणि ‘विविध क्षेत्रांत कार्यरत’ असल्या उत्तरावर थांबू नका. शिकवणाऱ्यांपैकी कोणी न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आहे का, विद्यार्थ्यांना कारागृहात, बालगृहात, प्रयोगशाळेत किती आठवडे काम करायला मिळतं, हेही विचारा. लोकसेवा आयोगाच्या आणि केंद्राच्या जुन्या जाहिराती काढून त्यातला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद स्वतः वाचा. मुलांना सुट्टीत सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात पाठवा. फौजदारी खटले सहसा खुल्या न्यायालयात चालतात. मागच्या बाकावर बसून उलटतपासणी ऐकायला पैसे लागत नाहीत. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल बचावाचा वकील कसा सोलतो हे एकदा पाहिलं की पुष्कळांचा निर्णय बदलतो, आणि ज्यांचा बदलत नाही त्यांनी या क्षेत्रात जरूर यावं.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे, आणि ती पूर्ण करायला कोटींची योजना लागत नाही. गुन्हेगारीशास्त्राचा किंवा न्यायसहायक विज्ञानाचा प्रत्येक नवा अभ्यासक्रम मंजूर करताना, त्या पदवीचं नाव राज्याच्या कोणकोणत्या पदांच्या सेवाप्रवेश नियमांत आहे आणि त्या पदांवर आज किती जागा मंजूर आहेत, ही यादी प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापणं सक्तीचं करावं. यादीत एकही पद नसेल तर तसंही छापावं.